खोक्यावर न छापलेली किंमत

कन्सोल घेऊ की पीसी, असं कुणी विचारलं की मी उलट विचारतो, "विकणार कधी?" समोरच्याला थट्टा वाटते. अजून घेतलाही नाही आणि हा विकण्याचं बोलतोय! पण इंदूरच्या राजवाड्याच्या आसपास वाढलेल्या माणसाला हाच प्रश्न आधी सुचतो. होळकरांच्या सात मजली वाड्यापासून जवळच खजुरी बाजार आहे, पुस्तकं-वह्यांचा. शाळा सुरू व्हायच्या आधी तिथे जाऊन सरलेल्या इयत्तेची पुस्तकं द्यायची आणि पुढच्या इयत्तेची, कुणाच्या तरी पेन्सिलच्या खुणा असलेली, घेऊन यायची ही आमच्याकडची रीत होती. दुसरीकडे जेल रोड, मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक्सचा. तिथे नवीन माल मिळतो, जुना मिळतो, आणि बिघडलेला दुरुस्तही होतो. जरा लांब आरएनटी मार्गावर सिल्व्हर मॉल, संगणकवाल्यांचा. इथल्या गिऱ्हाइकाला वस्तूची किंमत कळते ती घेताना दिलेल्या पैशातून विकताना आलेले पैसे वजा केल्यावर. व्हिडिओ गेमच्या धंद्याचा गेल्या चाळीस वर्षांचा इतिहास म्हणजे ही वजाबाकी गिऱ्हाइकाच्या हातून हळूहळू काढून घेण्याचा इतिहास आहे, असं माझं मत झालं आहे.

सुरुवात कॅसेटपासून करू. कॅसेट म्हणजे गाण्यांची नव्हे, गेमची. निन्टेन्डोचा 'फॅमिकॉम' जपानमध्ये १५ जुलै १९८३ ला विक्रीला आला. त्याच्या नकला पुढे तैवान, हाँगकाँग आणि चीनमधून जगभर पसरल्या. आपल्याकडे समुराई या कंपनीनं निन्टेन्डोचं अस्सल यंत्र आणलं खरं, पण मध्यमवर्गीयांच्या घरात पोचले ते 'लिटल मास्टर'सारखे स्वस्त भाऊबंद. या नकला इतक्या स्वस्त कशा, याचं उत्तर आतल्या पाटीवर होतं. मूळ यंत्रातल्या वेगवेगळ्या चिपांचं काम पुढे एकाच चिपमध्ये कोंबता आलं, आणि स्वस्तातल्या यंत्रांत ती चिप काळ्या डांबरासारख्या थेंबाखाली थेट पाटीवर चिकटवलेली असे. दुरुस्ती करणारा तो थेंब पाहिला की यंत्र परत करायचा. त्यावर चालणाऱ्या कॅसेटवर '९९९९ इन १' असं छापलेलं असे. प्रत्यक्षात मूठभर गेम, आणि तेच पुन्हा पुन्हा, कधी दुसऱ्या टप्प्यापासून सुरू होणारे, कधी नुसते रंग बदललेले. तरी कुणाची तक्रार नव्हती, कारण कॅसेट अदलाबदलीत चाले. 'कॉन्ट्रा' दिला की रणगाड्यांचा 'बॅटल सिटी' मिळायचा. सेगाचं यंत्र १९९५ मध्ये भारतात आणलं ते शॉ वॉलेसनं, म्हणजे दारूच्या धंद्यातल्या नावाजलेल्या समूहानं. त्या काळात परदेशी बनावटीच्या इलेक्ट्रॉनिक्सवर आयातकर इतका होता की असले चमत्कारिक संसार जुळत असत. तो फार टिकला नाही.

कॅसेटमध्ये बहुधा खेळ जतन करायची सोय नसे. मध्य प्रदेशात याला वेगळाच अर्थ होता. २००३ ची विधानसभा निवडणूक इथे बिजली, सडक आणि पाणी यांवर लढली गेली, यावरून त्या आधीच्या वर्षांत वीज किती जात असेल ते समजावं. शेवटच्या टप्प्यात पोचलेला खेळाडू आणि भारनियमनाचं वेळापत्रक यांची गाठ पडली की खेळ पहिल्यापासून.

पीसी घरात आला तो गेमसाठी नाही. तो अभ्यासासाठी आला, निदान तसं आई-बाबांना सांगण्यात आलं. इंदूर कोचिंग क्लासेसचं शहर. 'ऑटोकॅडला ग्राफिक कार्ड लागतं' हे वाक्य इथल्या किती घरांत बोललं गेलं असेल याची मोजदाद नाही, आणि ते पूर्ण खोटंही नव्हतं. त्याच कार्डावर 'व्हाइस सिटी' चालायचा. २००२ मध्ये प्लेस्टेशन २ वर आणि पुढच्या वर्षी पीसीवर आलेला हा गेम आमच्या पिढीनं जवळजवळ कुणीच विकत घेतला नाही. प्लास्टिकच्या पिशवीत घातलेली, स्केच पेननं नाव लिहिलेली सीडी यायची. चोरीचा माल होता, यात गुळमुळीतपणा नको. पण चोरी का झाली हेही पाहायला हवं. अस्सल खोकं शहरात मिळायचंच असं नाही, मिळालं तर किंमत डॉलरवरून काढलेली, आणि इंटरनेटवरून घ्यायचा तर आंतरराष्ट्रीय क्रेडिट कार्ड हवं.

पोलंडमध्ये हीच परिस्थिती होती. वॉर्सात १९९४ मध्ये सुरू झालेल्या सीडी प्रोजेक्ट या कंपनीनं १९९९ मध्ये 'बॉल्डर्स गेट'ची पोलिश आवृत्ती काढली तेव्हा स्पर्धा होती रस्त्यावरच्या चोरट्या सीडीशी. त्यांनी खोक्यात नकाशा घातला, संगीताची सीडी घातली, लाखेच्या मोहरेचं चर्मपत्र घातलं, आणि पात्रांना पोलंडच्या नामवंत नटांचे आवाज दिले. गिऱ्हाइकानं पैसे मोजले, कारण हातात काहीतरी पडत होतं. पुढे याच कंपनीनं 'द विचर' काढला. आपल्याकडे 'मराठीत आवाज देऊन गेम काढू या' असा विचार त्या वेळी कुणाच्या मनात आला नाही. इतका मोठा बाजार समोर असून आला नाही, याचं मला अजून नवल वाटतं.

अधिकृत कन्सोल भारतात आले ते उशिरा. एक्सबॉक्स ३६० सप्टेंबर २००६ मध्ये आला, पुढे त्यावर युवराज सिंगच्या नावाचा क्रिकेट गेमही आला. प्लेस्टेशन ३ एप्रिल २००७ मध्ये आला, ३९,९९० रुपयांना. त्या काळी एवढ्यात बऱ्यापैकी सेकंड-हँड मोटारसायकल येत असे. पण ज्यानं धीर करून घेतला त्याला एक गोष्ट लवकरच उमगली. खोकं महाग असलं तरी डिस्क फिरती ठेवता येते.

हिशोब मांडून पाहू. प्लेस्टेशन ५ भारतात २ फेब्रुवारी २०२१ ला विक्रीला आला, इतर मोठ्या देशांनंतर अडीच-तीन महिन्यांनी. डिस्क घालायची सोय असलेला ४९,९९० ला आणि ती सोय नसलेला ३९,९९० ला. नोव्हेंबर २०२२ मध्ये दोन्हीच्या किमती पाच-पाच हजारांनी चढल्या, फरक मात्र दहा हजारांचाच राहिला. दहा हजार वाचतात म्हणून पुष्कळांनी बिनडिस्कचा घेतला. आता समजा, सोनीचा नवा गेम ४,९९९ ला घेतला, तीन आठवड्यांत संपवला आणि तीन हजारांना पुढच्याला दिला. गेम पडला दोन हजारांना. असे चार गेम फिरवले की दहा हजारांचा फरक वसूल, आणि पाचव्यापासून पुढचा सगळा नफा. बिनडिस्कच्या यंत्रावर प्रत्येक गेम पूर्ण किमतीला किंवा कंपनी सवलत देईल तेव्हा आणि तेवढ्याला. म्हणजे खोक्यावर स्वस्त छापलेलं यंत्र जेल रोडच्या हिशोबात महाग. हे मी सांगतो तेव्हा लोक मान हलवतात आणि तरी स्वस्त खोकं घेऊन येतात.

कंपन्यांना हा हिशोब आपल्याआधी कळला होता. २०१३ मध्ये मायक्रोसॉफ्टनं एक्सबॉक्स वनची घोषणा केली तेव्हा अट अशी होती की यंत्रानं दर २४ तासांत एकदा इंटरनेटवर हजेरी लावायची, आणि डिस्क उसनी देणं, विकणं यांवर कंपनीची बंधनं राहणार. काही आठवड्यांतच, जूनमध्ये, सोनीनं काही सेकंदांची एक चित्रफीत काढली: प्लेस्टेशनवर गेम उसना कसा द्यावा. एक माणूस डिस्क दुसऱ्याच्या हातात देतो, दुसरा थँक्यू म्हणतो, संपलं. १९ जूनला मायक्रोसॉफ्टनं माघार घेतली. गेमच्या धंद्यात गिऱ्हाइकानं इतक्या थोड्या दिवसांत इतकी मोठी लढाई जिंकल्याचं दुसरं उदाहरण मला आठवत नाही. गंमत म्हणजे त्या दिवशी टाळ्या घेणाऱ्या सोनीनं २०२४ मध्ये काढलेल्या प्लेस्टेशन ५ प्रोमध्ये डिस्कची खाच नाही. हवी तर वेगळी विकत घेऊन जोडा. हा प्रो त्या वेळी भारतात आलाच नाही, पण कारण वेगळं होतं. त्यातलं वाय-फाय ज्या सहा गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतं तो पट्टा आपल्याकडे तेव्हा या वापराला खुला नव्हता.

निन्टेन्डोची कथा त्याहून विचित्र. २०१७ मध्ये आलेला स्विच भारतात कंपनीनं अधिकृतपणे विकायला आणलाच नाही. मिळतो सगळीकडे, दुबईहून नाहीतर सिंगापूरहून आलेला, बिलाचा पत्ता नाही आणि वॉरंटी दुकानदाराच्या शब्दावर. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या स्टुडिओनं 'राजी: ॲन एन्शंट एपिक' हा गेम केला. प्राचीन भारतात भावाला शोधत निघालेल्या मुलीची ती कथा, राजस्थानी वास्तूंच्या पार्श्वभूमीवर, मधले प्रसंग सावल्यांच्या बाहुल्यांतून उलगडणारे. लोकवर्गणीची मोहीम फसली, पैशांची ओढाताण झाली, पण गेम पुरा झाला. तो ऑगस्ट २०२० मध्ये सर्वांत आधी आला स्विचवर. पुण्यात तयार झालेला गेम पहिले काही आठवडे फक्त अशा यंत्रावर होता, जे पुण्यातल्या कुठल्याही दुकानात कंपनीच्या शिक्क्यासह मिळत नव्हतं. पीसी आणि बाकीच्या कन्सोलांवर तो ऑक्टोबरात पोचला.

पीसीवाल्यांना आता वाटत असेल की आपली सुटका झाली. तशी ती नाही. व्हॉल्व्ह कंपनीचं स्टीम हे दुकान सप्टेंबर २००३ मध्ये सुरू झालं, आणि २०१५ च्या नोव्हेंबरात तिथे रुपयांत किमती दिसू लागल्या. माझ्या मते भारतात पीसीवरची चोरी कमी करण्यात पोलिसांच्या धाडींपेक्षा या एका बदलाचा वाटा मोठा आहे. रुपयांत किंमत, उन्हाळी-हिवाळी सवलती, आणि पुढे यूपीआय. शंभर-दीडशे रुपयांत अस्सल गेम मिळू लागल्यावर स्केच पेनची सीडी कोण घेणार! पण या स्वस्ताईच्या बदल्यात फेरविक्री गेली. स्टीमवर घेतलेला गेम विकता येत नाही, उसना देण्यावर बंधनं आहेत, आणि खातं मृत्युपत्रानं मुलांच्या नावावर करता येत नाही, हे कंपनीच्या मदत विभागानं २०२४ मध्ये एकाला लेखी कळवल्यावर जगभर बातमी झाली. आजोबांची पुस्तकं नातवाला मिळतात. आजोबांचे चारशे गेम मिळणार नाहीत.

फ्रान्समधल्या एका ग्राहक संघटनेनं हा मुद्दा कोर्टात नेला. पॅरिसच्या न्यायालयानं सप्टेंबर २०१९ मध्ये ग्राहकाच्या बाजूनं निकाल दिला: डाउनलोड केलेला गेमही विकता आला पाहिजे. ऑक्टोबर २०२२ मध्ये अपिलात तो फिरला. या वादाचं मूळ जुनं आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं १९०८ मध्ये, एका कादंबरीच्या खटल्यात, प्रकाशकाचा हक्क पहिल्या विक्रीबरोबर संपतो, पुढे ते पुस्तक कितीला विकायचं हे तो ठरवू शकत नाही, असं सांगितलं. खजुरी बाजार याच तत्त्वावर उभा आहे, कुणाला खटल्याचं नाव माहीत नसलं तरी. पण डाउनलोडमध्ये वस्तू हातातून हातात जात नाही, नवी प्रत तयार होते. कंपन्यांचे वकील नेमकं इथे बोट ठेवतात.

गेमची मालकी आपल्याकडे नसली तर काय बिघडतं, हे युबिसॉफ्टच्या 'द क्रू'नं दाखवलं. २०१४ मध्ये आलेला मोटारशर्यतीचा गेम. एकट्यानं खेळायचा तरी सर्व्हर लागायचा. ३१ मार्च २०२४ ला सर्व्हर बंद झाले आणि पैसे मोजून घेतलेला गेम जगभर एकाच दिवशी निकामी झाला, डिस्क कपाटात असलेल्यांचासुद्धा. त्यावरून 'स्टॉप किलिंग गेम्स' ही चळवळ उभी राहिली आणि युरोपात तिच्या अर्जावर दहा लाखांहून जास्त सह्या झाल्या. कॅलिफोर्नियानं १ जानेवारी २०२५ पासून कायदा लागू केला की ग्राहकाला फक्त परवाना मिळत असेल तर दुकानानं ते स्पष्ट सांगावं, नुसतं 'विकत घ्या' म्हणू नये.

तरीही पीसीच्या बाजूनं एक गोष्ट भक्कम आहे. गेम विकता येत नसला तरी यंत्र तुकड्या-तुकड्यानं विकता येतं. कॅबिनेट तेच, कार्ड बदललं. कार्ड तेच, रॅम वाढवली. मात्र या बाजाराला जगाचे वारे लागतात. क्रिप्टोच्या लाटेत २०२१ मध्ये ग्राफिक कार्डं छापील किमतीच्या दुपटीला जात होती. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमची खाणकामाची पद्धतच बंद झाली आणि राबवून घेतलेली कार्डं सेकंड-हँड बाजारात लोटली. २०२५ च्या अखेरीस एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी उचलायला सुरुवात केली आणि रॅमचे भाव भडकले. जुनी रॅम जपून ठेवलेले लोक अचानक शहाणे ठरले.

आता वर्गणीकडे येऊ. राजवाड्यामागचा सराफा दिवसा सोन्याचा आणि रात्री खाण्याचा. दुकानांची शटर्स पडली की त्याच ओट्यांसमोर गराडू, भुट्टे का कीस आणि दहीवड्यांच्या गाड्या लागतात. दिवसा घेतलेलं तिजोरीत जातं, रात्रीचं तिथेच संपतं, आणि रात्रीच्या गिऱ्हाइकाची त्याबद्दल तक्रार नसते. वर्गणी हा रात्रीचा सराफा आहे. तो वाईट नाही. फक्त दिवसाचा समजून पैसे मोजू नयेत.

मायक्रोसॉफ्टचा गेम पास जून २०१७ मध्ये सुरू झाला. भारतात त्याची सर्वांत वरची पातळी, अल्टिमेट, एके काळी महिना ४९९ रुपयांना होती आणि त्यात शेकडो गेम, कंपनीचे नवे गेम पहिल्या दिवसापासून. मी स्वतः त्या काळात जो भेटेल त्याला 'घे' म्हणत असे. मग २०२३ मध्ये ५४९ झाले, २०२४ मध्ये ८२९, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये १,३८९. वर्षाचे १६,६६८ रुपये. एवढ्यात तीन नवे डिस्कचे गेम येतात आणि वर पैसे उरतात; ते तीन फिरवले तर सात-आठ. मधल्या काळात मायक्रोसॉफ्टनं ६८.७ अब्ज डॉलर मोजून ॲक्टिव्हिजन ब्लिझार्ड घेतली होती. ते पैसे कुठून तरी वसूल होणारच होते.

सोनीचा हिशोब निराळा. तिथे नवे मोठे गेम पहिल्या दिवशी वर्गणीत येत नाहीत. पण इंटरनेटवरून इतरांशी खेळायचं असेल तर फुकट गेम सोडून बाकी सगळ्यांना प्लेस्टेशन प्लसची वर्गणी लागतेच. पीसीवर हा भुर्दंड नाही. कन्सोलचा हिशोब मांडताना लोक ही रक्कम हमखास विसरतात. भारतात वरच्या पातळीला 'डीलक्स' म्हणतात. इतर देशांतल्या 'प्रीमियम'मधली क्लाउडची सोय इथे नाही म्हणून तिला नावही वेगळं.

वर्गणीचा धंदा बराचसा गिऱ्हाइकाच्या विसराळूपणावर चालतो. इथे मात्र आपल्या रिझर्व्ह बँकेनं गंमत केली आहे. ऑक्टोबर २०२१ पासून लागू झालेल्या नियमानुसार कार्डातून आपोआप पैसे वळते होण्याआधी निदान २४ तास ग्राहकाला कळवावं लागतं. सुरुवातीला पुष्कळांच्या वर्गण्या अडकल्या, शिव्याशाप झाले. आता तोच मेसेज मला हितचिंतकासारखा वाटतो. माझी शिफारस: वर्षाची वर्गणी घेऊच नये. दिवाळीच्या सुटीत, परीक्षा संपल्यावर, एखादा ठराविक गेम डोळ्यापुढे ठेवून एक महिना घ्यावा, तो संपवावा, आणि मेसेज आला की बंद करावा.

मोबाइलबद्दल थोडक्यात सांगतो, खेळणाऱ्यांची खरी गर्दी तिथेच असली तरी. पबजी मोबाइलवर २ सप्टेंबर २०२० ला बंदी आली. त्याचा भारतीय अवतार बीजीएमआय जुलै २०२१ मध्ये आला, पुढच्या जुलैत दुकानांतून काढला गेला, मे २०२३ मध्ये परतला. फुकट गेम, पण त्यातल्या पोशाखांवर आणि बंदुकींच्या रंगांवर पोरांनी खरे पैसे घातले होते, आणि ते पैसे त्या काळात कुणाच्या हातात नव्हते.

तेव्हा सेकंड-हँड प्लेस्टेशन ५ घ्यायला जेल रोडला जाणार असाल तर दुकानात उभं राहूनच यंत्र सुरू करायला लावा. आधीच्या मालकाचं खातं निघालेलं आहे का, सॉफ्टवेअर अपडेट होतंय का आणि प्लेस्टेशनच्या ऑनलाइन दुकानात शिरता येतं का ते पाहा. कंपनीनं बंदी घातलेलं यंत्र इथेच उघडं पडतं. एक डिस्क बरोबर न्या आणि ती घालून गेम इन्स्टॉल होईपर्यंत हलू नका. २०२३ नंतरच्या बारीक मॉडेलला वेगळा डिस्क ड्राइव्ह जोडलेला असेल तर तो पहिल्यांदा इंटरनेटवरून यंत्राशी जुळवावा लागतो. ते काम दुकानातल्या वाय-फायवरच उरका. कंट्रोलर टेबलावर ठेवा आणि पडद्यावरचं पात्र आपोआप एका बाजूला सरकतंय का बघा. सरकत असेल तर काडीखालची घासून झिजणारी पट्टी संपत आली आहे. दुरुस्ती होते, पण तेवढे पैसे भावातून कमी करून घ्या. यंत्र आतून उघडून साफ केलंय असं दुकानदार अभिमानानं सांगत असेल तर थोडं सावध व्हा, कारण याच्या मुख्य चिपवर पेस्टऐवजी द्रवरूप धातू आहे, आणि तो अननुभवी हातानं पाटीवर सांडला तर दोष काही महिन्यांनी दिसतो. आणि मूळ बिल मागा. दुकानदार "भिया, बिल का क्या करोगे" म्हणेलच. दोन वर्षांनी तुमच्याकडून घेणारा तेच मागणार आहे.